अव्वासाठी शिकलेली भाषा

मला थोडं जपानी येतं असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या लुगड्याकडं बघतात. उमरग्याजवळच्या खेड्यात जन्म काढलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला जपानी कुठून येणार? हसू द्यावं. तेव्हा मला मराठीचं अक्षरसुद्धा ओळखता येत नव्हतं. निजामाचं राज्य होतं. चावडीवर चिकटवलेला हुकूम उर्दूत असायचा आणि तो वाचू शकणारा एकुलता एक मास्तर बदलून गेला होता. सरकार काय म्हणतंय ते आम्हाला कळत नव्हतं आणि आम्ही काय म्हणतोय ते सरकारला. अशा गावात मी वर्षभर जपानी शिकले. हौस म्हणून नाही. शेजारच्या म्हातारीला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि ते माझ्या धाकट्या भावाच्या पोटात अडकून बसलं होतं.

म्हातारीला सगळं गाव अव्वा म्हणायचं. तेलामिठाचं दुकान होतं त्यांचं. घरात कानडी, दुकानात मराठी. गळ्यात लिंग बांधणारी माणसं ती. आमच्या घरी मटण शिजलं की त्या दिवशी अव्वा मधल्या भिंतीवरून हाक मारायची नाही, एवढंच काय ते दोन घरांतलं अंतर. तिचा एकुलता एक मुलगा आणि माझा भाऊ एकाच आळीत लहानाचे मोठे झाले. एक दिवस दोघं कुणाला न सांगता सोलापूरला गेले आणि इंग्रजांच्या पलटणीत नाव घालून आले. कल्पना माझ्या भावाची. अव्वाच्या मुलाला खरं तर तागडीशिवाय दुसरं काही धरता येत नव्हतं, पण भाऊ जाईल तिकडं तो जायचा. निघताना अव्वानं माझ्या भावाच्या हाताला धरून सांगितलं, ‘ह्याच्याकडं बघ रं तम्मा.’ तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तो हसून ‘व्हय’ म्हणाला.

पलटण समुद्रापलीकडं मलायात गेली. तिथं जपान्यांनी सगळ्यांना धरलं आणि त्यानंतर आम्हाला काहीच कळलं नाही. किती सुग्या आल्या आणि गेल्या. लढाई संपली तेव्हा तहसिलातून सांगावा आला की अव्वाचा मुलगा कैदेत आजारानं वारला आणि माझा भाऊ जिवंत आहे. दोन्ही बातम्या एकाच शिपायानं एकाच ओट्यावर उभं राहून सांगितल्या. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी भाकरी थापायला बसले. अव्वा रडली नाही. त्यांच्यात मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. शिवाला जाऊन मिळालेल्या माणसाचं सुतक ते धरत नाहीत.

भाऊ आला तो जोंधळ्याच्या काढणीत. हैद्राबादच्या रस्त्यावर मोटारीतून उतरून शेतातनं चालत आला. मी त्याला आधी ओळखलंच नाही. वाटलं, कुणी मागतकरी आहे. आमचे आईबाप तो नसतानाच गेले होते. घरात मी एकटी होते आणि त्यानं त्यांचं काही विचारलं नाही. भाकरी खाताना एक हात खाली धरायचा, चुरा पडू नये म्हणून. कुणी मोठ्यानं बोललं की उठून ताठ उभा राहायचा. बैलांचं, पेंड्यांचं, विहिरीच्या पाण्याचं बोलायचा. पण पलीकडं काय झालं ते विचारलं की ओठ नुसते थरथरायचे आणि त्यातून शब्द बाहेर पडायचा नाही. कमरेला एक मळकट चंची बांधलेली असायची. पान नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही आणि चंची मात्र आंघोळीलाही सोडायचा नाही. ‘रिकामी चंची मिरवतोस व्हय रं, जहागीरदारा?’ म्हणून मी चेष्टा करायची. तो तिच्यावर हात ठेवून दुसरीकडं बघायचा.

दोन-तीन दिवस गेल्यावर अव्वा आली. सोमवार होता, देवळातून येताना हातात बेलाची पानं होती. ओट्यावर टेकली आणि त्याला म्हणाली, ‘तम्मा, मी दुसरं काय इचारत न्हाय. कसा गेला, काय सोसलं, ते ऱ्हाऊ दे. त्याला मातीत बशिवलं व्हतं का, अन् हातात लिंग व्हतं का, एवढंच सांग.’

त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, बेल वाहतात, आणि जन्मभर गळ्यात असलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून माती लोटतात. हातात लिंग असलं की तो पोचला. नसलं तर काय होतं हे अव्वाला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला ते कुणाला विचारायचंही नव्हतं. भावानं तिच्याकडं पाहिलं, उठला आणि गोठ्यात जाऊन बैलांच्या मधे बसला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही.

अव्वानं पुन्हा तो प्रश्न काढला नाही. पण दर सोमवारी यायची. खांबाला टेकून बसायची, ‘जोंधळा कसा हाय औंदा?’ विचारायची, भावाकडं एकदा बघायची आणि निघून जायची. त्यापेक्षा तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मी मात्र गप्प बसणारी नव्हते. माझी जीभ आधीपासूनच तिखट आहे. नवऱ्यानं टाकलं त्याला माझ्या सासरचे हेच कारण सांगतात. मी भावाला फैलावर घेतलं. म्हातारीला झुलवत ठेवलंयस, म्हटलं. तोंडात काय गूळ धरलायस का, म्हटलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तो ऐकायचा आणि ओठ थरथरायचे. शेवटी मीच रडत चुलीपुढं बसायची, आणि मग तो येऊन लाकडं फोडून द्यायचा.

शिकणं सुरू झालं ते कडब्याच्या पेंड्यांवरून. भाऊ गंजीवर उभा राहून पेंड्या रचत होता आणि मी खालून देत होते. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता, ‘इची, नी, सान, शी.’ त्याला स्वतःला ते कळत नसावं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो ‘सान’वर घाम पुसायला थांबला, तेव्हा मी खालून म्हटलं, ‘शी.’ त्यानं गपकन माझ्याकडं पाहिलं. आधी भ्याला. मग त्याचे ओठ हलले आणि तो हसला. परत आल्यापासून पहिल्यांदा.

‘म्होरं?’ त्यानं विचारलं.

‘गो,’ मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत मला दहापर्यंत आकडे आले. रात्री भाकरी वाढताना मी इची भाकरी, नी भाकरी केलं आणि तो तिसरीही जेवला. मला वाटलं, हे बरं सापडलं. भाऊ जेवतो तर जपानी तर जपानी.

पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं. शिकणं सगळं कानानं. तो मोट हाकायचा आणि मी वाफ्यांची दारं धरायची, तेव्हा तो ओरडून सांगायचा, मिझु. पाणी. पाटात पाणी आलं नाही की मी ओरडायची, मिझु नाइ. त्यांच्या नाहीला ते नाइ म्हणतात आणि आमच्याकडं न्हाय म्हणतात, त्यामुळं तो शब्द मला फुकटात पडला. बैलाला उशी म्हणतात हे ऐकून मी इतकी हसले की वाफा फुटला. आपल्यासारखंच ते आधी पाणी म्हणतात आणि मग पिणं. विचारायचं असलं की शेवटी ‘का’ लावतात, तेही आपल्यासारखंच. ‘मग त्येंनी तुमाला कशाला मारलं? बोलतात तर आपल्यावानीच,’ असं मी एकदा बोलून गेले. मोट भरून वर आली आणि त्यानं बैल मागं घेतले.

माझं वय शिकण्याचं नव्हतं. सकाळी शिकलेला शब्द दुपारी जायचा. जात्यावर बसलं की मी ओव्यांऐवजी तेच घोळत बसायची. हात म्हणजे ते, दगड म्हणजे इशी, विस्तव म्हणजे हि, दुखतंय म्हणजे इताइ, आजार म्हणजे ब्योकी, लवकर म्हणजे हायाकु. गावाला कळलं तेव्हा आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, अशी गत झाली. टाकलेली बहीण आणि डोक्यावर परिणाम झालेला भाऊ, दोघं मिळून पाखरांची भाषा बोलतात, असं बाया पाणवठ्यावर म्हणायला लागल्या. बाहेरची बाधा आहे, उतरवून घ्या, असंही कुणी सांगितलं. मी त्यांना जपानीत शिव्या दिल्या. त्या मात्र भावाला भरपूर येत होत्या.

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की त्याला कुठले शब्द येतात आणि कुठले येत नाहीत. उचल, खण, वाहून ने, रांगेत उभा राहा, आकडा सांग, हे सगळं यायचं. ये म्हणायला कोइ म्हणतात, ते यायचं. पण तो हुकुमाचा शब्द आहे, कुत्र्याला किंवा कैद्याला बोलवायचा. आपण पाहुण्याला ‘या’ म्हणतो तसं त्यांच्यात काय म्हणतात, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. तसं त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

भाषा आली की मार कमी बसतो, म्हणून तो शिकला होता, तेही वर्षभरातच. पहाऱ्यावरचा एक वयस्कर शिपाई भातशेती करणारा होता. तो काठीनं चिखलात चित्र काढून शब्द सांगायचा. फूल म्हणजे हाना आणि आईला हाक मारायची तर ओकासान, हे दोन चांगले शब्द भावाकडं होते ते त्या म्हाताऱ्याचे. एवढं त्यानं मला सांगितलं ते तुटक जपानीतच सांगितलं, विहिरीच्या थारोळ्याच्या काठावर बसून. आणि सांगताना त्याचे ओठ थरथरले नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठीत विचारलं की त्याच्यापुढं सगळं उभं राहत असणार. आई, आळी, दुकान, अव्वाचा हात. त्या भाषेत त्याच्याकडं मूठभरच शब्द होते आणि त्यांत रडायला जागा नव्हती. अव्वाचं उत्तर निघालं तर त्याच वाटेनं निघेल. त्या दिवसापासून मी मन लावून शिकायला लागले. आधी करमणूक होती ती सोडली आणि कोण, कुठं, कधी, काय, असले शब्द मागायला लागले. तो देत गेला. मी कशासाठी मागतेय हे त्याला कळत असावं. आम्ही दोघंही तसं दाखवत नव्हतो.

मधे नवस फेडायला मी त्याला तुळजापूरला नेलं. तो जिवंत यावा म्हणून मी देवीला बोलले होते. पायऱ्या उतरताना गर्दी झाली आणि एक पोलीस ‘ए, बाजूला व्हा’ म्हणून ओरडला. भाऊ जागच्या जागी ताठ झाला, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत वाकून उभा राहिला. मागची माणसं त्याला धडकायला लागली. कुणी हसलं. पोलीसही हसला. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं, तो हलेना. मग मी त्याच्या कानाशी म्हटलं, हायाकु, आणि तो चालायला लागला. देवीपुढं मला काही मागता आलं नाही. सारखं तेच मनात येत होतं, की माझ्या भावाला त्यांचा हुकूम दिल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही आणि आता तो हुकूम देणारी मी आहे. परतीच्या मोटारीत तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

अव्वाचे सोमवार चालूच होते. ती आता ओट्यावर चढताना गुडघ्यावर हात ठेवायची. एकदा भाऊ रानात असताना मला म्हणाली, ‘पोरी, तू त्येच्याकडनं काय शिकतीस म्हनं?’ मी म्हटलं, ‘त्या मुलखाची भाषा, अव्वा.’ ती म्हणाली, ‘शीक. पर बेगीनं शीक.’ ती मला ओळखून होती.

त्यानंतर मी एक गोष्ट ठरवून टाकली. उत्तर वाईट निघालं तर अव्वाला ते सांगायचं नाही. हातात होतं, म्हणायचं. भावाचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. खोटं कसं सांगायचं, चेहरा कसा ठेवायचा, याची मी जात्यावर बसून तालीमही केली.

पुढच्या वर्षी जोंधळा चांगला आला. कणसं हुरड्याला आली तशी मी बांधाजवळ आगटी केली, गोवऱ्या पेटवल्या, कणसं खुपसली. आमच्याकडं हुरड्याला शेजाऱ्यांना बोलवायची रीत आहे. सोमवार होता, म्हणून अव्वालाही शेतात घेऊन आले. चटणी तिनंच आणली होती, शेंगदाण्याची. भावाला लहानपणी हुरडा म्हणजे जीव की प्राण. दोघं मित्र आगटीजवळून उठायचे नाहीत, बोटं भाजून घ्यायचे. त्याला जरा बरं वाटेल, या विचारानं मी ते सगळं केलं होतं.

तो आगटीपासून लांब, बाभळीखाली जाऊन बसला. हाक मारली तरी येईना. मी चोळलेला हुरडा घेऊन त्याच्याजवळ गेले. अव्वाही काठी टेकत मागून आली आणि बसली. भाऊ धुराकडं बघत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता, थंडीच्या दिवसांत.

मी विचारलं, ‘हि, कोवाइ का?’ विस्तवाची भीती वाटते का?

‘कोवाइ,’ तो म्हणाला. वाटते.

मग माझ्याकडं न बघता त्यानं पुढं बोलायला सुरुवात केली. तोमोदाची, ब्योकी. मित्र आजारी. एकटा नाही, पुष्कळजण. पोटाचा आजार. औषध नाइ. मिझु नाइ. मग शिन्दा. मेला. हा शब्द मला माहीत होता. नंतर तो म्हणाला, हुकूम आला, ‘मोयासे.’ हा शब्द मला माहीत नव्हता. ‘मोयासे म्हणजे काय?’ मी त्याच भाषेत विचारलं.

त्यानं हात लांब करून आगटीकडं बोट दाखवलं.

अव्वाला त्याच्या बोलण्यातलं काही समजत नव्हतं, पण तिची नजर त्याच्या बोटाबरोबर आगटीकडं गेली आणि तिथंच राहिली. माझ्या हातातला हुरडा मी खाली ठेवला. विचारायचं नव्हतं, पण आता थांबता येत नव्हतं. ‘कुणी?’

‘वाताशी,’ तो म्हणाला. मी.

लिंगाला त्या भाषेत काय म्हणतात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी दगडाचा शब्द वापरला आणि डावा तळहात पुढं केला. ‘इशी, ते नि?’ दगड, हातात?

‘नाइ,’ तो म्हणाला. ते मात्र अव्वालाही कळलं असेल.

तरी तिनं विचारलं, ‘काय म्हनतोय, पोरी?’

मी तिच्याकडं वळले. वर्षभर तयार केलेलं खोटं अगदी जिभेवर होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात भाऊ मराठीत बोलला, ‘अक्का, खरं सांग.’

मी सांगितलं. त्याचे ते दहा-बारा शब्द मराठीत सांगायला मला किती वेळ लागला. आजाराची साथ होती, अव्वा. पुरू देत नव्हते. सगळ्यांना जाळायचा हुकूम होता. ह्यानं जाळलं, ह्याच्याच हातानं. हातात लिंग नव्हतं. मी बोलत होते आणि माझाच आवाज मला नको झाला होता. भावानं कमरेची चंची सोडली. तिच्या आतल्या कप्प्यातून एक फडकं काढलं आणि अव्वाच्या पुढं मातीवर ठेवून उघडलं. सुपारीपेक्षा जरा मोठं, काळं, गुळगुळीत लिंग होतं. ज्यात घालून ते गळ्यात बांधतात ती चांदीची डबी नव्हती. औषधासाठी ती मुलानं स्वतःच जिवंतपणी देऊन टाकली होती, हे भावानं मागाहून सांगितलं.

‘आमच्यात मानूस गेलं की अंगावरलं काढून घेत्यात, अव्वा,’ भाऊ म्हणाला. ‘घरच्यांला द्याया. म्या तसंच केलं. जाळात कशाला जाऊ द्यायचं, म्हनलं, तुमाला आनून देतो. तुमी सोमवारी इचारलं तवा मला कळलं म्या काय केलं त्ये.’ एवढं बोलून तो रडायला लागला. वर्षभर मी ज्याला मुका, दगड, काय काय म्हटलं होतं तो माझा भाऊ आईच्या मागं लागलेल्या पोरासारखा रडत होता, आणि मला त्याच्याजवळ जायचा धीर होईना.

अव्वानं लिंग उचललं. पदरानं पुसलं. ‘माझं लेकरू रिकाम्या हातानं गेलं,’ ती म्हणाली, मोठ्यानं नाही. त्यांच्यात रडत नाहीत, तरी ती रडली. आगटीतली कणसं करपून गेली. कुणी काढली नाहीत.

बऱ्याच वेळानं तिनं भावाला विचारलं, ‘हे येवढी वर्सं कुठं ठिवलंस?’

‘कमरेला.’

‘निजताना?’

‘कमरेलाच.’

लिंग अंगावेगळं करायचं नसतं, हे तिच्या मनात असणार. तिनं मान हलवली आणि उठली. मी हात द्यायला गेले, तो तिनं घेतला नाही. काठी टेकत एकटीच गावाकडं गेली.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भाऊ ओट्यावर बसून वाट बघायचा आणि मी त्याला काही म्हणायची नाही. भिंतीपलीकडून तिच्या पूजेची घंटा ऐकू यायची, त्यावरून ती आहे एवढं कळायचं. ज्वारी निघाली, गंज रचून झाली, आणि एका सोमवारी ती आली. गळ्यात दोन दोरे होते, एक तिच्या लिंगाचा आणि एक मुलाच्या. नेहमीच्या जागी खांबाला टेकली आणि भावाला म्हणाली, ‘हे आता माझ्यासंगं जाईल. माझ्या हातावर तू ठिवायचंस. दुसऱ्या कुनी न्हाय.’ मग मला विचारलं, ‘जोंधळा कसा झाला?’

त्यानंतर भाऊ जपानी बोलला नाही. आता त्याला मराठीत बोलता येत होतं, रडता येत होतं, अव्वाच्या मुलाचं नावही घेता येत होतं. ती भाषा त्याला नकोच झाली होती. चुकून मी बैलाला उशी म्हटलं की तो उठून बाहेर जायचा. मला ते बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला त्या वर्षाची सवय लागली होती. नवऱ्याच्या घरी मला कुणी काही शिकवलं नव्हतं, बापाच्या घरीही नाही. जन्मात एकाच माणसानं मला बसवून काही शिकवलं, आणि आता ते कुणाशी बोलायला नव्हतं. जात्यावर बसले की शब्द आपोआप यायचे. मी ते गिळून पुन्हा ओव्या म्हणायला लागले.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अव्वा गेली. त्यांच्या शेताच्या तुकड्यात खड्डा खणला होता. तिला मांडी घालून बसवलं, कपाळाला भस्म लावलं. लिंग ठेवायची वेळ आली तसे तिचे पुतणे कुरकुरायला लागले. मराठ्याचा हात कसा चालेल, म्हणाले. विधी सांगणाऱ्या जंगमानं त्यांना गप्प केलं. ‘म्हातारी सांगून गेलीया,’ एवढंच तो म्हणाला.

भाऊ खाली उतरला. मी खड्ड्याच्या कडेला उभी होते. त्यानं तिचा डावा हात उघडला, त्यावर एक लिंग ठेवलं आणि अगदी हळू म्हणाला, ‘इची.’ मग दुसरं ठेवलं. ‘नी.’ तिची बोटं त्यानं मिटवली.

पुढं मोजायला काही नव्हतं. तो तसाच तिच्या हातावर हात धरून बसला. जंगम म्हणाला, ‘या आता वर.’ पुतणे म्हणाले, ‘चला, माती लोटायचीय.’ तो हलला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, माणसं खोरी घेऊन थांबली होती. मी गुडघ्यावर बसले, हात खाली केला आणि त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, ‘कोइ.’ बोलवायचा चांगला शब्द त्यानं मला शिकवलाच नव्हता. त्यानं मान वर केली, माझा हात धरला आणि वर आला.